लिनक्सवर नेटवर्क शेअर माउंट करताना: सर्व्हर गायब झाला तर काय, हे आधी ठरवावे

नेटवर्कवरील दुसऱ्या यंत्राचा फोल्डर (शेअर) एनएफएस किंवा एसएमबी या पद्धतींनी आपल्या यंत्रावर जोडण्याची, म्हणजे माउंट करण्याची, कमांड एका ओळीची असते आणि बहुतेक वेळा ती पहिल्याच प्रयत्नात चालते. त्यामुळे काम संपले असे वाटते, आणि नेमके तिथेच खरे काम सुरू झालेले असते. युनिक्समध्ये सगळा साठा एकाच झाडात दिसतो; नेटवर्कवरचा फोल्डर आणि संगणकाच्या पोटातील डिस्क यांत ‘एलएस’ कमांडला किंवा एखाद्या लेखा-प्रणालीला फरक कळत नाही. ही सोय मोठी आहे. पण डिस्क एकतर असते किंवा नसते, आणि नेटवर्कवरचा शेअर मात्र फाइल अर्धी लिहून झालेली असताना नाहीसा होऊ शकतो, दहा मिनिटांनी परत येऊ शकतो किंवा रात्री संगणक सुरू होताना जागेवर नसू शकतो. अशा प्रत्येक वेळी आपल्या यंत्राने काय करावे हे आपणच ठरवून द्यायचे असते, आणि म्हणून या मार्गदर्शिकेत माउंटच्या ओळीपेक्षा तिच्या पर्यायांना अधिक जागा दिली आहे.

वाचण्याच्या सोयीसाठी कमांड, मार्ग आणि अंक येथे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकावे लागतील; फक्त एसएमबीक्लायंटचे ‘-एल’ व ‘-यू’ आणि ‘डीएफ -एचटी’ मधील ‘टी’ मोठ्या अक्षरांत. उदाहरणात साठ्याचा सर्व्हर म्हणजे १९२.१६८.१.१० या पत्त्यावरील एक छोटा नॅस (नेटवर्कला जोडलेली साठ्याची पेटी) आहे आणि त्यावरील ‘डेटा’ हा फोल्डर आपल्याला लिनक्सवर हवा आहे.

एनएफएस की एसएमबी

एनएफएस हा सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकात युनिक्स यंत्रांसाठी घडवलेला प्रोटोकॉल आहे. फाइलचा मालक, गट आणि परवानग्या तो युनिक्सच्या भाषेतच वाहून नेतो. एसएमबीची घडण विंडोजच्या जगात झाली आणि त्यात नाव व पासवर्ड देऊन आत शिरलेली व्यक्ती हा परवानगीचा आधार असतो. सर्व यंत्रे लिनक्सची असतील तर एनएफएस घ्यावा आणि विंडोजची यंत्रेही तोच फोल्डर वापरणार असतील तर एसएमबी घ्यावा, इतका साधा नियम पुरतो. एकच फोल्डर दोन्ही मार्गांनी उघडा ठेवता येतो, पण फाइलवर लावलेली कुलुपे आणि परवानग्या यांचा दोन्ही बाजूंना मेळ बसेलच असे नाही. रोज बदलणाऱ्या फाइलींसाठी मी तसे कधीच करणार नाही.

आवृत्ती स्पष्टपणे लिहून देण्याची सवय चांगली. १९९५ मधील एनएफएस ३ ला २०४९ या पोर्टखेरीज (पोर्ट म्हणजे यंत्रावरील सेवेचे क्रमांकित दार) १११ क्रमांकाचे पोर्ट आणि आणखी काही सहायक सेवा लागतात, त्यामुळे फायरवॉलमध्ये ती अडखळते. चौथ्या आवृत्तीत कुलुपांसह सगळा व्यवहार २०४९ या एकाच पोर्टवरून होतो. नॅसला ४.२ येत असेल तर ती घ्यावी, नसेल तर ४.१. एसएमबी ४४५ या पोर्टवर चालतो आणि त्याची पहिली आवृत्ती आज कोणत्याही कारणाने वापरू नये. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने विंडोजमधील याच जुन्या आवृत्तीतील त्रुटीचा आधार घेतला होता. लिनक्सनेही त्याच वर्षी कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१३ पासून एसएमबीची पहिली आवृत्ती आपणहून निवडणे थांबवले. एखादा जुना नॅस केवळ ‘व्हर्स=१.०’, म्हणजे पहिलीच आवृत्ती, असे लिहिल्यावरच जोडला जात असेल, तर त्याचे फर्मवेअर अद्ययावत करावे किंवा त्यावर एनएफएस सुरू करावा.

तयारी

डेबियन आणि उबुंटूवर एनएफएससाठी ‘एनएफएस-कॉमन’ हे पॅकेज लागते, फेडोरा व रेड हॅट घराण्यात ‘एनएफएस-युटिल्स’, आणि एसएमबीसाठी दोन्हीकडे ‘सीआयएफएस-युटिल्स’. ही पॅकेजे नसताना माउंट केल्यास जी चूक छापली जाते तीत चुकीची फाइल सिस्टिम, चुकीचा पर्याय, बिघडलेला सुपरब्लॉक (डिस्कवरील साठ्याची मूळ नोंद) अशी एक लांबलचक यादी असते. सुपरब्लॉकचे नाव वाचून नॅसच्या डिस्क तपासायला बसलेली माणसे मी पाहिली आहेत. त्या ओळीच्या शेवटी सहायक प्रोग्राम हवा असल्याची सूचना असते, आणि बहुतेक वेळा खरे कारण तेवढेच असते.

सर्व्हर काय देऊ करतो हे ‘शोमाउंट -ई १९२.१६८.१.१०’ या कमांडने एनएफएससाठी आणि ‘एसएमबीक्लायंट -एल //१९२.१६८.१.१० -यू नाव’ या कमांडने एसएमबीसाठी पाहता येते. शोमाउंट मात्र तिसऱ्या आवृत्तीच्या सेवेलाच विचारते; केवळ चौथी आवृत्ती चालवणाऱ्या सर्व्हरवर ती अपयशी ठरते आणि तरीही माउंट व्यवस्थित होतो.

नंतर माउंट पॉइंट, म्हणजे ज्या जागी शेअर दिसायचा ती रिकामी डिरेक्टरी, तयार करावी. त्याच वेळी, शेअर जोडण्यापूर्वीच, ती डिरेक्टरी अपरिवर्तनीय करून टाकावी:

सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/डेटा
सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/डेटा

दुसरी ओळ फार कमी ठिकाणी लिहिलेली आढळते, म्हणून तिचे कारण सविस्तर सांगतो. शेअर जोडलेला नसतो तेव्हाही /एमएनटी/डेटा ही डिरेक्टरी आपल्याच डिस्कवर असतेच, आणि रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालणारा बॅकअपचा प्रोग्राम तिच्यात आनंदाने लिहीत जातो. मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरवर असेच झाले. वीज गेल्यानंतर सर्व्हर नॅसच्या आधी सुरू झाला, माउंट फसला, आणि रोज रात्रीचा बॅकअप सर्व्हरच्या स्वतःच्याच डिस्कवर जात राहिला. कोणतीही चूक नोंदली गेली नाही. डिस्क भरून सेवा बंद पडल्या तेव्हा ते लक्षात आले. अधिक वाईट गोष्ट पुढे होती. नॅस पुन्हा जोडल्यावर त्या फाइली माउंटखाली झाकल्या गेल्या आणि डिस्क कशाने भरली आहे तेच दिसेना. वरच्या ओळीने रिकाम्या डिरेक्टरीत लिहिणे रूटलाही अशक्य होते, मात्र तिच्यावर माउंट करण्यास काही अडथळा येत नाही. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या दोन्ही फाइल सिस्टिम ही सोय देतात. जोडीला बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्याच ओळीत तपासणी असावी:

माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/डेटा || एक्झिट १

पहिला माउंट हातानेच

एनएफएससाठी:

सुडो माउंट -टी एनएफएस -ओ व्हर्स=४.२ १९२.१६८.१.१०:/एक्सपोर्ट/डेटा /एमएनटी/डेटा

एसएमबीसाठी:

सुडो माउंट -टी सीआयएफएस -ओ क्रेडेन्शियल्स=/ईटीसी/नॅस-गुप्त,व्हर्स=३.१.१,यूआयडी=१०००,जीआयडी=१००० //१९२.१६८.१.१०/डेटा /एमएनटी/डेटा

प्रकाराचे नाव सीआयएफएस असले तरी आत एसएमबीची नवी आवृत्तीच चालते. ते नाव इतिहासाचा अवशेष आहे. पासवर्ड कमांडमध्ये लिहू नये, कारण तो शेलच्या इतिहासात राहतो. त्याऐवजी वेगळ्या फाइलमध्ये ‘युझरनेम=’ आणि ‘पासवर्ड=’ अशा दोन ओळी लिहाव्यात, बरोबर-चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडू नये, आणि ती फाइल रूटच्या मालकीची करून तिच्या परवानग्या ६०० ठेवाव्यात.

शेअर जोडला गेल्यावर ‘डीएफ -एचटी’ ने जागा व प्रकार पाहावा आणि ‘एनएफएसस्टॅट -एम’ ने प्रत्यक्षात कोणते पर्याय लागू झाले ते वाचावे; आपण लिहिलेले आणि सर्व्हरने मान्य केलेले यांत फरक असू शकतो. एक छोटी फाइल लिहून ती दुसऱ्या यंत्रावरून उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मालक कोण, हा प्रश्न

एनएफएसच्या साध्या मांडणीत सर्व्हरकडे व्यक्तीचे नाव आणि पासवर्ड जात नाही. जातो तो फक्त क्रमांक. डेबियन आणि उबुंटूवर पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १००० असतो. त्यामुळे एका यंत्रावरची पहिली व्यक्ती आणि दुसऱ्या यंत्रावरची पहिली व्यक्ती या दोन निरनिराळ्या व्यक्ती असल्या, तरी सर्व्हरच्या लेखी त्या एकच ठरतात आणि एकमेकींच्या फाइली पुसू शकतात. यंत्रे दोन-चार असतील तर सर्वत्र क्रमांक हाताने जुळवून घ्यावेत. अधिक असतील तर एलडॅपसारखी मध्यवर्ती नोंदवही लागते. आणखी एक मर्यादा ध्यानात असावी: या मांडणीत एका व्यक्तीचे जास्तीत जास्त १६ गट विनंतीसोबत जातात, त्यामुळे सतराव्या गटामुळे मिळणारी परवानगी कारण न सांगता नाकारली जाऊ शकते.

रूटची गोष्ट वेगळी. सर्व्हर सहसा क्लायंटच्या, म्हणजे शेअर वापरणाऱ्या यंत्राच्या, रूटला ‘नोबडी’ मानतो, ज्याचा क्रमांक बहुधा ६५५३४ असतो. म्हणून सुडो लावून केलेली कॉपी नाकारली जाते आणि साध्या वापरकर्त्याची मात्र चालते. हे पाहून गोंधळलेले लोक सर्व्हरवर ‘नो_रूट_स्क्वॅश’ लिहून मोकळे होतात. तसे करू नये. त्या एका शब्दाने कोणत्याही एका क्लायंटचा रूट संपूर्ण साठ्याचा मालक होतो.

सर्व्हरही आपल्याच हाती असेल, तर ‘/ईटीसी/एक्सपोर्ट्स’ मधील ओळ अक्षर न अक्षर तपासावी:

/एक्सपोर्ट/डेटा १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

पत्ता आणि कंस यांच्यामध्ये चुकून एक मोकळी जागा पडली तर अर्थ पूर्ण उलटतो: दिलेल्या नेटवर्कला डीफॉल्ट पर्याय लागतात, आणि कंसातील लिहिण्याची मुभा उरलेल्या सगळ्या जगाला मिळते. बदलानंतर ‘एक्सपोर्टएफएस -आरए’ चालवावे आणि ‘एक्सपोर्टएफएस -व्ही’ चे उत्तर डोळ्यांखालून घालावे.

एसएमबीत वर दिलेले यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) आणि जीआयडी (गटाचा क्रमांक) हे पर्याय केवळ आपल्या यंत्रावर मालक कोणता दिसावा ते ठरवतात. सर्व्हरवरचा निर्णय ज्या नावाने आपण आत शिरलो त्या नावावरच होतो, म्हणून परवानगीची अडचण क्लायंटवर नव्हे, सर्व्हरवर सोडवावी लागते.

कायमची नोंद

यंत्र सुरू होताना शेअर आपोआप यावा यासाठी ‘/ईटीसी/एफएसटॅब’ मध्ये एक ओळ घालावी लागते. मी वापरतो ती अशी:

१९२.१६८.१.१०:/एक्सपोर्ट/डेटा /एमएनटी/डेटा एनएफएस व्हर्स=४.२,हार्ड,_नेटडेव्ह,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=३०,नोएसयूआयडी,नोडेव्ह ० ०

‘नोफेल’ मुळे शेअर मिळाला नाही तरी यंत्राचे सुरू होणे त्याच्यासाठी थांबत नाही. ‘ऑटोमाउंट’ चा अर्थ असा की सुरुवातीला काहीच जोडले जात नाही. त्या डिरेक्टरीत कोणी पहिल्यांदा डोकावले की त्या क्षणी माउंट होतो. वीज परत आल्यावर सर्व्हर आधी की नॅस आधी, हा झगडा या एका पर्यायाने बराचसा मिटतो, आणि लॅपटॉपवर तर तो अत्यावश्यक आहे, कारण लॅपटॉप घराबाहेर असताना नॅस पोहोचण्यासारखा नसतोच. लॅपटॉपवर जोडीला ‘एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=३००’ लिहावे, म्हणजे पाच मिनिटे वापर नसला की शेअर आपोआप सुटतो. ‘_नेटडेव्ह’ ही नेटवर्कची गरज सांगणारी खूण आहे. सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सुरू करणारी प्रणाली) एनएफएस व सीआयएफएस हे प्रकार स्वतःच ओळखते, तरी ती लिहिल्याने काही बिघडत नाही. मार्गात मोकळी जागा असेल तर तिच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि ०४० असे लिहावे लागते.

ओळ लिहिल्यावर लगेच यंत्र पुन्हा सुरू करू नये. आधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ ने मांडणी तपासावी, मग ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ करावे आणि ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट एमएनटी-डेटा.ऑटोमाउंट’ ने ती नोंद जागी करावी.

आता ‘हार्ड’ या शब्दाकडे. एनएफएस सर्व्हरकडून उत्तर आले नाही तर दोन मार्ग असतात. हार्ड माउंटमध्ये कर्नल न थकता पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि तोवर फाइलवर काम करणारा प्रोग्राम गोठून राहतो. सॉफ्ट माउंटमध्ये ठरावीक प्रयत्नांनंतर कर्नल प्रोग्रामला चूक कळवून मोकळा होतो. दुसरा मार्ग सौम्य वाटतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी तोच सुचवलेला आढळतो. मला तो सल्ला घातक वाटतो. लिहिताना आलेली चूक प्रत्येक प्रोग्राम नीट तपासतोच असे नाही. न तपासणारा प्रोग्राम काम झाले असे समजून पुढे जातो, आणि सर्व्हरवर अर्धवट फाइल उरते जिच्याबद्दल कोणालाच काही ठाऊक नसते. गोठलेला प्रोग्राम निदान दिसतो तरी. म्हणून जिथे लिहिले जाते तिथे हार्डच ठेवावे आणि सॉफ्ट फक्त ‘आरओ’ लावून, म्हणजे केवळ वाचण्यासाठी जोडलेल्या शेअरसाठी राखावे. ‘टाइमओ’ या पर्यायाचा अंक सेकंदाच्या दहाव्या भागात मोजला जातो: ६०० म्हणजे ६० सेकंद. हे न ओळखता ६० लिहिणारा माणूस प्रत्यक्षात सहाच सेकंद देत असतो.

हार्ड माउंट गोठला की ‘डीएफ’ देखील गोठते, आणि मग सगळे यंत्रच बिघडले असे वाटते. अशा वेळी ‘डीएफ -एल’ वापरावे. ते फक्त स्थानिक डिस्क पाहते. अडकलेला प्रोग्राम कंट्रोल-सीने सुटत नाही, पण ‘किल -९’ ने सुटतो. एसएमबीकडे डीफॉल्ट वर्तन सॉफ्टच असते, आणि बॅकअपसाठी मी एनएफएसला पसंती देतो त्यामागे हेही एक कारण आहे.

मराठी नावांच्या फाइली

हा भाग इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही आणि आपल्याकडील कार्यालयांत मात्र रोज टोचतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, अक्षरे नव्हेत. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि येथे काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘कार्यालय’ या चार अक्षरी शब्दात आठ चिन्हे, म्हणजे २४ बाइट आहेत. अशा हिशेबाने नावात जेमतेम ८५ चिन्हे मावतात. विंडोजच्या एनटीएफएसवर हीच मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने तिथे सुखाने नांदणारे, अर्जाचा पूर्ण विषयच नावात लिहिलेले दस्तऐवज नॅसवर चढवताना नाव फार लांब असल्याची तक्रार येते. त्यावर तोडगा एकच आहे, आणि तो म्हणजे कॉपी करण्यापूर्वी लांब नावे शोधून ती आखूड करणे.

दुसरी अडचण ‘ऱ’ ची. ‘वऱ्हाड’ किंवा ‘कुऱ्हाड’ मधील हे अक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते: एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असे दोन तुकडे करून. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम तुकडे करूनच नाव साठवत असे. लिनक्सला ही दोन नावे वेगळी वाटतात, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन फाइली नांदू शकतात आणि शोधात एकच सापडते. मॅकवरून एनएफएस माउंट करताना ‘एनएफसी’ हा पर्याय द्यावा. तो नावे अखंड रूपात पाठवतो. आधीच जमलेली नावे ‘कॉन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी -आर’ या कमांडने सरळ करता येतात. ती आधी फक्त काय बदलेल तेवढे दाखवते, आणि यादी तपासून ‘--नोटेस्ट’ जोडल्यावरच खरा बदल करते. एसएमबीत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर पर्यायांत ‘आयओकॅरसेट=यूटीएफ८’ घालावे.

शेअर सोडताना

कमांडचे नाव ‘यूमाउंट’ आहे. ‘अनमाउंट’ मधला ‘एन’ तिच्यात नाही. शेअर वापरात असल्याची तक्रार आली तर ‘फ्यूजर -व्हीएम /एमएनटी/डेटा’ ने तो कोणी धरून ठेवला आहे ते पाहावे. पुष्कळदा आपलेच दुसरे टर्मिनल त्या डिरेक्टरीत उभे असते. ‘यूमाउंट -एल’ शेअर झाडातून लगेच तोडते, पण उघड्या फाइली मागे तशाच राहतात, म्हणून सर्व्हर कायमचा गेला असेल तरच ते वापरावे. सर्व्हरवर मूळ फोल्डर पुसून पुन्हा तयार केला गेला असेल तर ‘स्टेल फाइल हँडल’ अशी चूक दिसते. तेव्हा शेअर सोडून पुन्हा जोडावा.

मॅकवर एनएफएस नाकारला जात असेल तर बहुधा कारण पोर्टचे असते: मॅक १०२४ च्या वरच्या पोर्टवरून बोलतो आणि लिनक्स सर्व्हर खालच्या पोर्टचा आग्रह धरतो. मॅकवर ‘रेझव्हपोर्ट’ हा पर्याय दिला की प्रश्न सुटतो. फ्रीबीएसडीवर आरसी.कॉन्फ फाइलमध्ये एनएफएस क्लायंट सुरू करावा आणि एफएसटॅबमधील ओळीला ‘लेट’ हा पर्याय द्यावा.

हे सगळे घरातल्या किंवा कार्यालयातल्या विश्वासाच्या नेटवर्कपुरते आहे. साधा एनएफएस काहीही गुप्त करून पाठवत नाही, तेव्हा २०४९ किंवा ४४५ हे पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नये. बाहेरून पोहोचायचे असेल तर वायरगार्डसारखा व्हीपीएन (कूटबद्ध खासगी मार्ग) वापरावा.

खरा डेटा सोपवण्याआधी एक चाचणी करावी. काही गिगाबाइटची एक फाइल शेअरवर कॉपी करायला लावावी आणि मध्येच नॅसची नेटवर्क केबल काढावी. कॉपी थांबेल, आणि काही मिनिटांनी ‘जर्नलसीटीएल -के’ मध्ये सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे, अशा अर्थाची ओळ उमटेल. केबल परत लावल्यावर सर्व्हर ठीक असल्याची ओळ येऊन कॉपी जिथे थांबली होती तिथून पुढे सरकेल. ती पूर्ण झाली की मूळ फाइलवर आणि नॅसवरील प्रतीवर ‘एसएचए२५६सम’ चालवून दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत.